उभा

मी डिझेल शेडमधला टाइमकीपर.
चौदा महिने हजेरीपटात
वायकोळे लीलाधर किसन, फिटर ग्रेड एक,
या नावापुढे लाल शाईने लिहीत आलो: प्रतिनियुक्ती.
कुठे, ते लिहायला रकाना नव्हता.

तो परतला तेव्हा मे महिना, भुसावळ सत्तेचाळीसवर.
रुळाला हात लागला तर चटका कोपरापर्यंत.
वायकोळे म्हणाला, तिकडेही असंच,
उघड्या हाताने पाना धरला की कातडी पान्याला राहते.
पहिल्या आठवड्यात एवढंच प्रवासवर्णन.
पुढचं हळूहळू निघालं, गोठलेल्या डिझेलसारखं.

बर्फावरची गाडी, पट्ट्यांवर चालणारी, बंद पडली.
हा खाली आडवा. धुकं इतकं
की स्वतःचे बूट परक्याचे वाटावेत.
फिल्टर बदलला, लाइनीतली हवा काढली, सेल्फ मारला.
इंजिनाने धरलं, आणि त्याच घटकेला
ताटावरचं फडकं कोणी उचलावं तसं धुकं उठलं.
समोर डोंगर.
काळा, कोरडा, कंबरेपर्यंत बर्फात रुतलेला,
नकाशात जिथे नुसता कागद होता तिथे.

वायकोळेच्या तोंडून निघालं,
'कवाचा उभा हाये रे भो तू?'

शेजारी कोट्टायमचे कुरियन साहेब, भूगर्भवाले.
मराठी शून्य.
त्यांनी वाक्यातला एक शब्द पकडला
आणि वहीत पेन्सिलीने लिहिला, शाई गोठायची म्हणून पेन्सिल:
उभा. उंची अंदाजे. दिशा. तारीख.
प्रथम पाहणारा, एल. के. वायकोळे, मेकॅनिक.

डोंगराला नाव ठेवायचं तर समिती लागते.
समितीने विचारलं, या शब्दाचा अर्थ काय?
पत्र फिरत फिरत शेडच्या पत्त्यावर आलं.
उत्तराचं पोस्टकार्ड मीच लिहून दिलं, त्याने सांगितलं तसं:
उभा म्हणजे, जो बसलेला नाही तो.
दोन वर्षांनी कळवलं त्यांनी. एक आकडा.
पुढे कागदोपत्री डोंगर त्या आकड्याने ओळखावा.

नावं ठेवायला मात्र आमच्याकडे समिती लागत नाही.
कोणी म्हणालं, चौदा महिने गेला अन् सापडलं काय, तर दगड.
कोणी म्हणालं, बर्फच बघायचा होता
तर कारखान्यात लादी मिळते, वरचा भुसा फुकट.
घरी शकुंतलाबाई म्हणाल्या, माझं तरी नाव द्यायचं,
आणि लगेच हसल्या, नको बाई,
तिथे हाक मारणार कोण?

यावर वायकोळे बरेच दिवस गप्प होता.

जेवणाच्या सुट्टीत पोरं विचारायची, दादा, कुठे आहे तो?
सातपुड्याकडे पाठ करून हा उभा राहायचा
आणि कळण्याच्या भाकरीच्या तुकड्याने दक्षिण दाखवायचा:
आधी जामनेर, मग अजिंठ्याचा घाट, मग सगळा मुलूख,
मग समुद्र, मग अजून समुद्र.
तुकडा तोंडात टाकला की भूगोल संपला.

पौषातल्या एका सकाळी हवा इतकी धुतलेली
की सातपुड्याच्या घळी मोजता याव्यात.
गँगमन रेमसिंग बारेला पाणी प्यायला आला होता.
वायकोळे अचानक त्याला म्हणाला,
ती बघ, डावीकडून तिसरी, खांदा पडलेली टेकडी.
तिचं नाव काय रे?

तीस वर्षं ती आमच्या समोर होती.
रेमसिंगने नाव सांगितलं.
छोटं होतं. मधला एक आवाज घशातच राहणारा.
वायकोळेने म्हणून पाहिलं. रेमसिंग हसला.
पुन्हा म्हणाला. रेमसिंग पुन्हा हसला,
मग पेला उपडा ठेवून म्हणाला,
माझी आजी तिथे गुरं बोलवायची.

मी हजेरीपटाच्या समासात ते लिहायला गेलो.
लिहिलं, खोडलं, दुसरं अक्षर घातलं,
तेही खोडलं.
भोंगा झाला.
त्या तारखेच्या पानावर अजून ती खाडाखोड आहे,
वायकोळेच्या ओळीच्या जरा वर.
ऑडिटवाल्याने विचारलं होतं एकदा, हे काय?